खबर कोणाला हवी?

अलीकडे कोणत्याही संस्थेच्या वार्षिक सभेचे इतिवृत्त चाळले, तर त्यात एक ठराव बहुधा आढळतोच. काळाबरोबर चालावयाचे तर संस्थेचे स्वतःचे मोबाइल ॲप असले पाहिजे, असा त्याचा आशय असतो. पतसंस्था असो, दूधसंघ असो, शिक्षणसंस्था असो की साखर कारखाना असो, ठरावाची भाषा ठरलेली. सूचक उभे राहतात, अनुमोदक उभे राहतात, टाळ्यांच्या गजरात ठराव संमत होतो आणि दुसऱ्या दिवसापासून दरपत्रके मागविण्याचे काम सुरू होते. ॲपचा रंग कोणता असावा, अध्यक्षांचे छायाचित्र कोठे बसवावे, उद्घाटनास कोणास बोलवावे, या गोष्टींवर पुष्कळ खल होतो. परंतु हे ॲप आपल्या फोनवर उघडून सभासदास नेमके काय पाहावयाचे आहे, हा प्रश्न सभेत क्वचितच विचारला जातो.

यंत्र नवे असले तरी हा प्रश्न नवा नाही. कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या खोऱ्यांत गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत निरनिराळ्या संस्थांनी आपल्या माणसांपर्यंत पोहोचण्याचे जे मार्ग योजिले, त्यांतील काहींची हकीकत आज सांगावयाची आहे. सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले तरी जुन्या काळी यांतील बराच मुलूख एकाच सातारा जिल्ह्यात मोडत असे, आणि मधूनमधून औंध, सांगली, मिरज अशा संस्थानांचे तुकडे विखुरलेले होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. तेव्हा दोहोंचा इतिहास एकत्र सांगण्यात काही वावगे नाही.

प्रथम किर्लोस्करवाडीकडे वळू. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगाव येथे १८८८ साली सायकलींच्या दुकानापासून उद्योगास आरंभ केला. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले आणि त्यानंतर लोखंडी नांगर आला. नगरपालिकेने बेळगावची जागा सोडावयास लाविल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात त्यांना जागा दिली, आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. आज हे गाव सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे.

नांगर चांगला होता, परंतु तो खपेना. आरंभीची दोन वर्षे तर गिऱ्हाईक मिळणेही कठीण झाले. लोखंडाने जमीन विषारी होते, ती नापीक बनते, असा शेतकऱ्यांचा समज होता. या समजास हसणे आज सोपे आहे. पण ज्याच्या घरची सारी दौलत म्हणजे चार-सहा एकर रान, त्याने परक्या कारखानदाराच्या शब्दावर ते रान पणास का लावावे? लाकडी नांगर उथळ चालत असेल, पण तो गावच्या सुताराने केलेला असे. मोडला तर त्याच सुताराच्या दारात नेता येत असे. लोखंडी नांगराचा फाळ मोडला तर कोणाकडे जावे, हे शेतकऱ्याला ठाऊक नव्हते. कारखान्यापुढील अडचण अशी दुहेरी होती. माल तयार करण्याची विद्या होती, पण मालाविषयीचा विश्वास गावोगाव पोहोचविण्याचे साधन हाती नव्हते.

अशा वेळी साधन म्हणजे प्रथम माणूसच. किर्लोस्करांच्या नांगरांचे जे फिरते विक्रेते होते, त्यांत एका माणसाचे नाव महाराष्ट्र कधी विसरणार नाही. ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. कराडजवळच्या ओगलेवाडी येथील काचकारखान्यासाठी व नंतर किर्लोस्करांसाठी त्यांनी गावोगाव भटकून विक्रीचे काम केले. नांगर विकावयास निघालेला माणूस बैलगाडीच्या वाटेने एकेका खेड्यात जातो, चावडीवर बसतो, शेताच्या बांधावर उभा राहतो. तो कारखान्याचा निरोप गावात नेतो, हे तर उघडच आहे. परंतु येताना तो गावाचा निरोपही घेऊन येतो. भाऊरावांनी या भ्रमंतीत खेड्यांची स्थिती जवळून पाहिली. शेतकऱ्याचा मुलगा शाळेपासून किती दूर आहे आणि अज्ञानापायी रयतेची किती नागवणूक होते, हे त्यांच्या मनात ठसले. १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यास हलविले. तेथील वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीस बसली. स्वतः कष्ट करून शिकण्याची रीत तेथे रुजली. शाळा खेड्यात गेली पाहिजे, मुलाने शाळेची वाट शोधत शहरात येण्याची वाट पाहू नये, ही या संस्थेची दृष्टी. ज्याने एकेक खेडे पायाखाली घातले होते, त्याला ही दृष्टी लाभावी हे स्वाभाविक होते.

पण फिरता विक्रेता कितीही उत्साही असला तरी एका दिवशी तो एकाच गावात असणार. गिऱ्हाइकांची संख्या वाढली, ती मुलूखभर पसरली, म्हणजे माणसाच्या पायांची मर्यादा जाणवू लागते. या अडचणीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक जन्मास आले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर हे त्याचे संपादक. ते स्वतः चित्रकार होते. कारखान्यात काय नवे घडले, कोणते अवजार तयार झाले, ते कसे वापरावे, ही माहिती गिऱ्हाइकांस व हितचिंतकांस मिळावी, एवढाच या पत्राचा मूळ हेतू. नावातच तो स्पष्ट आहे: किर्लोस्करांची खबर.

या घटनेकडे आजच्या भाषेत पाहिले तर काय दिसते? एका संस्थेने आपल्या गिऱ्हाइकाच्या हातात नियमितपणे पडेल असे स्वतःचे माध्यम निर्माण केले. रेल्वे आणि टपाल ही यंत्रणा सरकारने आधीच उभी केली होती. तिच्यावर स्वार होऊन संस्थेचा निरोप घरोघर जाऊ लागला. आज ॲप करणारी संस्था तरी वेगळे काय करते? फोन सभासदाने विकत घेतलेला असतो, तारायंत्रणा दुसऱ्याच कोणाची असते, आणि तिच्यावर संस्था आपला निरोप चढविते.

यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. कारखान्याची खबर दर महिन्यास वाचावयाची कोणाला हौस असणार? नांगर एकदा घेतला म्हणजे तो अनेक वर्षे चालतो. तेवढ्या काळात नांगराची बातमी वाचून वाचून मनुष्य कंटाळेल. शंकररावांनी ही गोष्ट ओळखली. मासिकात हळूहळू वाचकाच्या आयुष्यातील विषय आले. उद्योग, आरोग्य, विज्ञान, स्वावलंबन, समाजसुधारणा, कथा, व्यंगचित्रे यांनी त्याची पाने भरू लागली. पुढे 'खबर' हा शब्दही गळून पडला आणि नुसते 'किर्लोस्कर' उरले. ज्या घरात कधी नांगर जाण्याचा संभव नव्हता, अशा शहरातील सुशिक्षित घरांतही ते मासिक जाऊ लागले. संस्थेने आपली खबर मागे सारली व वाचकाची गरज पुढे आणिली, तेव्हा संस्थेचे नाव घरोघर झाले. जाहिरातीने जे साधले नसते ते यामुळे साधले.

आणखी एक पाऊल त्यांनी टाकले. १९३० साली 'स्त्री' हे मासिक निघाले आणि १९३४ साली 'मनोहर' निघाले. घर एक असले तरी त्यात वाचक एक नसतो, ही जाणीव या विस्तारामागे दिसते. घरातील पुरुषाच्या नावाने वर्गणी येते, म्हणून त्याच्या पत्नीचे प्रश्न त्यात आपोआप येत नाहीत. तरुण मुलाची आवड त्यात मावतेच असे नाही. ही गोष्ट आज ॲप आखणाऱ्यांनी ध्यानात धरण्याजोगी आहे. दूध काढते घरची बाई, संघाच्या वहीत नाव असते नवऱ्याचे, आणि फोन असतो मुलाच्या खिशात. अशा घरी 'सभासदास कळविले' असे संस्था म्हणते, तेव्हा तिने कोणास कळविलेले असते?

आता मधली साठ-सत्तर वर्षे ओलांडून वारणेच्या काठी जाऊ. वारणा नदी सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहत येऊन सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेस मिळते. तिच्या काठी तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना व त्याभोवती अनेक संस्था उभ्या राहिल्या. १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार व वारणेच्या सहकारी संस्था यांनी मिळून येथे एक मोठा प्रयोग योजिला. दोन्ही जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांचा परिसर संगणकांच्या जाळ्याने जोडावयाचा आणि गावोगाव माहिती केंद्रे उघडावयाची, अशी ती योजना होती. शेतीचा सल्ला, बाजारभाव, शिक्षण, सरकारी योजना, सारे काही गावातल्या त्या एका खोलीत मिळावे, असा संकल्प होता. त्या काळी देशभर या योजनेचा गाजावाजा झाला, आणि तो अगदीच अनाठायी होता असेही नाही.

काही वर्षे लोटल्यावर बंगळूर येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधन संस्थेतील राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो टोयामा हे तिघे अभ्यासक या केंद्रांचा व्यवहार पाहू लागले. त्यांनी प्रथम नवे यंत्र बसविले नाही. केंद्रात कोण येतो, काय विचारतो, कोणता कागद घेऊन जातो, याचेच त्यांनी निरीक्षण केले. त्यांना असे आढळले की, मोठ्या संकल्पातील बहुतेक गोष्टी बाजूस राहिल्या असून संगणकाचा उपयोग मुख्यतः एकाच व्यवहारासाठी होत आहे, आणि तो व्यवहार म्हणजे ऊस.

शहरी श्रोत्यांना याचे मर्म थोडे उलगडून सांगितले पाहिजे. उसाची लागण केली की शेतकरी तिची नोंद कारखान्याकडे करतो. त्या नोंदीच्या क्रमाने तोडणीची पाळी येते. आडसाली ऊस तर दीड वर्षाच्या आसपास रानात उभा असतो; तेवढ्या काळाचे पाणी, खत, मजुरी आणि कर्जाचे व्याज त्या एका पिकात गुंतलेले असते. पाळी लांबली तर उसाला तुरा येतो व वजन घटते. तोडलेला ऊस वेळेवर गव्हाणीत पडला नाही तर तो वाळतो, त्यातील साखर उतरते. आणि शेतकऱ्यास पैसे मिळतात ते टनावर. तेव्हा माझी नोंद लागली का, तोड कधी येणार, काट्यावर वजन किती भरले आणि बिल किती झाले, या चार प्रश्नांत त्याचे वर्ष सामावलेले असते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळावयास हवेत. पण हा नियम ठाऊक असूनही ज्याला आपल्या उसाचे वजनच वेळेवर कळत नाही, तो हिशेब कोणाकडे व कशाच्या आधारे मागणार? काट्याविषयीचा संशय हे उसाच्या मुलखातील जुने दुखणे आहे. तेथे माहिती म्हणजे करमणूक नव्हे, ती घरच्या मीठभाकरीशी निगडित आहे.

हे ध्यानी आल्यावर त्या अभ्यासकांनी दुसरी योजना मांडली. संगणक महाग, त्यांची दुरुस्ती महाग, वीज बेभरवशाची. उलट साधा मोबाइल फोन गावात येऊन पोहोचला होता. म्हणून त्यांनी मध्यवर्ती संगणकास एक फोन जोडला आणि गावातून पाठविलेल्या संदेशास उत्तर म्हणून हवी ती माहिती त्याच फोनवर यावी, अशी व्यवस्था केली. सात गावांत आठ महिने हा प्रयोग चालला. संगणकावर होणारी सगळी कामे संदेशाने होऊ शकली. खर्च कमी आला, सोय वाढली, आणि शेतकऱ्यांनाही जुन्या पद्धतीपेक्षा ही अधिक पसंत पडली. या कामाचा वृत्तांत त्यांनी २००७ साली विद्वानांपुढे ठेविला. तेव्हा ॲपचा बाजार अद्याप भरावयाचा होता. आयफोनची ॲपपेठ उघडली ती जुलै २००८ मध्ये, सुमारे ५०० ॲपांनिशी. वारणेच्या शेतकऱ्याला मोबाइलचा उपयोग झाला तो त्याआधी, साध्या अक्षरी निरोपाने.

परंतु इतिहासाचा एकच धडा घेऊन थांबणे धोक्याचे असते. फोनवर माहिती पोहोचली म्हणजे लाभ झालाच, असे कोणी समजू नये. २००७ साली रॉयटर्स या वृत्तसंस्थेने महाराष्ट्रात शेतकऱ्यांसाठी मोबाइलवर बाजारभाव व हवामान कळविणारी सेवा वर्गणी घेऊन सुरू केली. मार्सेल फाशॉम्प आणि बार्ट मिंटन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातील १०० गावांत पद्धतशीर प्रयोग करून तिचा परिणाम मोजला. २०१२ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. माल कोठे विकावा, त्याची प्रतवारी कशी करावी, यावर माहितीचा थोडासा परिणाम दिसला. पण शेतकऱ्यास मिळालेल्या भावात सरासरीने गणनीय फरक पडल्याचे आढळले नाही. याचे कारण शोधण्यास दूर जावयास नको. दूरच्या बाजारात भाव चढा आहे हे कळले, तरी तेथवर माल नेण्यास गाडी नसेल, किंवा जवळच्या अडत्याकडून उचल घेतलेली असेल, तर त्या ज्ञानाने करावयाचे काय? वारणेचा निरोप उपयोगी पडला, कारण त्यातील माहितीवर पुढचे पाऊल टाकणे शेतकऱ्याच्या हाती होते आणि माहिती देणारी संस्था त्याची स्वतःची होती.

या सर्व हकीकती शेजारी शेजारी ठेविल्या, तर संस्थेच्या आजच्या योजनेस त्यांतून पुष्कळ प्रकाश मिळतो. भाऊरावांनी खेड्यात जाऊन ऐकले, शंकररावांनी कारखान्याची खबर मागे सारून वाचकाची गरज पुढे आणिली, वारणेच्या अभ्यासकांनी यंत्र बसविण्यापूर्वी माणसांकडे पाहिले. तिघांनाही मार्ग सापडला तो आधी माणूस समजून घेतल्यामुळे. साधन कोणते निवडावे हा प्रश्न त्यांच्यापुढे शेवटी आला, आणि तोपर्यंत त्याचे उत्तर जवळजवळ आपोआप ठरून गेले होते.

ॲप हे साधन सामर्थ्यवान आहे यात शंका नाही. त्यात चित्र दाखविता येते, पैसे भरता येतात, आवाज ऐकविता येतो, पावती जपून ठेविता येते. पण ते मुलासारखे वाढवावे लागते, हे ठराव करणारे विसरतात. एकदा तयार करून भागत नाही. फोनांच्या आज्ञावल्या वरचेवर बदलतात, त्याबरोबर ॲपही बदलावे लागते. कोणी तक्रार केली तर उत्तर देणारा मनुष्य नेमावा लागतो. मजकूर मराठीत आणि तोही सभासदाला समजेल अशा मराठीत लिहावा लागतो. पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद करून पुढच्या वर्षांचा विचार न करणे, म्हणजे विहीर खोदून मोटेला दोर न ठेवण्यासारखे आहे. जेथे एका साध्या संदेशाने काम होते तेथे संदेश पुरे. जेथे वाचता न येणारे सभासद पुष्कळ आहेत तेथे बोलणारा आवाज हवा. आणि ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्यासाठी कार्यालयाच्या दारावरील फळा पुसून टाकण्याची घाई करू नये.

शिवाय विश्वासाची गोष्ट आहे. ॲप फोनात शिरते तेव्हा ते सभासदाची माहिती मागते: त्याचे ठिकाण, त्याच्या परिचितांचे क्रमांक, त्याचे खाते. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा भारतात २०२३ साली संमत झाला असून अशी माहिती संमतीने व कारणापुरतीच घ्यावी, हे त्याचे तत्त्व आहे. परंतु कायद्याच्या आधीही ही गोष्ट संस्थेच्या शीलाची आहे. ज्या मुलखात एका लोखंडी नांगरावर विश्वास बसण्यास वर्षे लागली, तेथे सभासदाच्या खिशात शिरणाऱ्या वस्तूवर विश्वास एका उद्घाटनाने बसेल, अशी अपेक्षा कोणी धरू नये.

तेव्हा ज्या संस्थांच्या पुढच्या सभेत हा ठराव येणार असेल, त्यांच्या चालकांना एक सूचना करावीशी वाटते. दरपत्रके मागविण्यापूर्वी आपल्या दोन कार्यकर्त्यांना एक हंगामभर संस्थेच्या खिडकीशी, काट्याशी आणि दूधसंकलनाच्या ओट्यापाशी बसवावे. त्यांच्या हाती एक कोरी वही द्यावी. येणारा माणूस जो जो प्रश्न विचारील तो त्याच्याच शब्दांत तीत उतरून घ्यावा. आणि ज्या प्रश्नासाठी त्याला दुसऱ्यांदा हेलपाटा पडला, त्यापुढे एक खूण करावी. हंगाम संपल्यावर ती वही सभेपुढे मोठ्याने वाचावी. पुष्कळशा प्रश्नांना ॲपने उत्तर देता येईल. काहींना एक चांगला कारकून पुरेल. आणि काहींचे उत्तर देण्यासाठी संस्थेला आपला कारभारच सुधारावा लागेल. यांतील कोणता प्रश्न कोणत्या रकान्यात पडतो, हे ठरविण्याइतकी चर्चा सभेत झाली, तर नंतर होणारा ठराव टाळ्यांविना संमत झाला तरी चालेल.